कुत्रा आजारी आहे... आत्ता निघायचं, की सकाळपर्यंत थांबायचं?



पाककृती, कविता आणि प्रवासवर्णनांच्या पंगतीत कुत्र्याच्या आजारपणावरचा लेख पाहून काही जण चष्मा सारखा करून मथळा पुन्हा वाचतील. ‘आमच्याकडे कुत्रा नाही, आम्ही कशाला वाचायचं?’ असं म्हणून पान मात्र उलटू नका. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्यातली कितीतरी कुटुंबं भारतात जातात. मागे राहिलेल्यांच्या दारात मग कोणाचा ना कोणाचा कुत्रा, त्याची वाटी, पट्टा आणि खाण्याची पिशवी असा सगळा संसार येऊन पडतो. आणि नेमका तेव्हाच कतारचा उन्हाळा सगळ्यात कडक असतो!

आम्ही म्हणजे दोह्यात कुत्री पाळणारी आणि सुट्टीत एकमेकांची कुत्री सांभाळणारी तीन-चार मराठी घरं. लिहायचं काम आमच्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याच्या गळ्यात पडलं. आमच्यापैकी कोणीही जनावरांचा डॉक्टर नाही, तेव्हा या लेखात औषधांचे डोस सापडणार नाहीत. इथे प्रश्न एकच घेतला आहे: ‘हे थांबू शकतं का?’

हाच प्रश्न का, ते सांगतो. सॉफ्टवेअरवाल्यांना रात्री-अपरात्री फोन येतात. सिस्टिम बंद पडली आहे, की एखाद्या बटणाचा रंग चुकलाय, हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या प्रकारात अंथरुणातून उठायचं, दुसऱ्यात सकाळी बघायचं. बिघाड कशामुळे झाला याचा शोध नंतर. कुत्र्याच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा उलटं करतो. ‘काय झालं असेल बरं? काल काय खाल्लं? गुगल काय म्हणतं?’ यातच दोन तास जातात. रोग ओळखणं डॉक्टरांचं काम आहे. आपलं काम एवढंच, की निघायचं कधी ते ओळखणं. आणि हे काम घरातल्या दहावीतल्या मुलालाही शिकवता येतं.

कुत्रा दुखणं बोलून दाखवत नाही, शक्य तितकं लपवतो. शेपूट हलवली म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. गंभीर आजारी कुत्राही मालकाला पाहून क्षीणपणे शेपूट हलवतो.

दोन मिनिटांची तपासणी

शंका आली की चार गोष्टी बघा, याच क्रमाने.

१. श्वास. निवांत झोपलेल्या कुत्र्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. साधारण १० ते ३० हा आकडा ठीक. धावून आल्यावर जीभ काढून धापा टाकणं वेगळं. एसीमध्ये शांत बसूनही तो धापा टाकत असेल, मान लांब करून किंवा पोट आत ओढून श्वास घेत असेल, तर गोष्ट गंभीर आहे.

२. हिरड्या. वरचा ओठ हळूच उचला. हिरड्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर, राखाडी किंवा विटेसारख्या लालभडक दिसल्या तर थांबू नका. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतला भाग बघावा.

३. शुद्ध आणि चाल. नावाने हाक मारल्यावर बघतो का? उठतो का? झोकांड्या जातायत का? मागचे पाय ओढतोय का?

४. पोट आणि लघवी. पोट ढोलकीसारखं टणक झालंय का? हात लावल्यावर कण्हतो का? शेवटची लघवी केव्हा झाली?

घरात एक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा. ताप गुदद्वारातून मोजतात. टोकाला थोडं व्हॅसलीन लावावं आणि शेपटीकडे एकाने धरावं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला १०१ म्हणजे ताप, त्याला १०१ म्हणजे तब्येत ठणठणीत! ४० सेल्सिअसच्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन करा. ४१ च्या वर गेलं तर ती सरळसरळ आणीबाणी.

महत्त्वाचं म्हणजे ही तपासणी कुत्रा धडधाकट असताना दोन-तीनदा करून आकडे लिहून ठेवा. चांगल्या दिवशी हिरड्या कशा दिसतात तेच माहीत नसेल, तर वाईट दिवशी फरक कसा कळणार?

लगेच निघा: फ्रिजवर लावायची यादी

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, शुक्रवार असो की ईद असो, फोन करा आणि निघा.

– श्वास घ्यायला त्रास, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर.
– बेशुद्ध पडणं, अचानक कोसळणं, उठता न येणं.
– उन्हात किंवा खेळून आल्यावर न थांबणाऱ्या धापा, झोकांड्या, उलट्या.
– पोट फुगलेलं, उलटीचा जोर येतोय पण बाहेर काही पडत नाही.
– पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली आकडी, किंवा २४ तासांत एकापेक्षा जास्त आकड्या.
– लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतोय, पण थेंबही येत नाही.
– दाबून धरूनही न थांबणारं रक्त. गाडीची धडक किंवा उंचावरून पडणं, मग वरून जखम दिसो वा न दिसो.
– विषारी काही खाल्ल्याची शंका, मग त्रास सुरू झालेला असो वा नसो.
– रक्ताच्या उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा डांबरासारखी काळी शी.
– डोळा बाहेर आल्यासारखा दिसणं, डोळ्याला जखम. पग, शिह त्झू यांच्यात हे जास्त होतं. डोळ्यावर ओलं स्वच्छ फडकं ठेवून निघा.
– साप किंवा विंचू चावणं, तोंड अचानक सुजणं. हिवाळ्यात वाळवंटात कॅम्पिंगला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.
– कुत्री वीत असताना अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू न येणं.

कतारचा उन्हाळा: इथे मिनिटं मोजायची असतात

जुलै २०१० मध्ये दोह्याचा पारा ५० अंशांच्या वर गेला होता. दरवर्षीच जुलैमध्ये दुपारी ४२ अंशांच्या आसपास असतो. म्हणून तर कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला बंदी आहे. हा नियम माणसांसाठी आहे. कुत्र्यासाठी तो आणखी कडक करावा लागतो, कारण आपल्याला अंगभर घाम येतो आणि त्याला तळपायांपुरताच. शरीर थंड करायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. जिभेवरची आणि श्वासमार्गातली ओल उडून जाते, तशी उष्णता जाते.

आता यातली खोच बघा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्रावरून दमट हवा येते, चष्म्यावर वाफ धरते. अशा हवेत ओल उडतच नाही. त्यामुळे रात्री आठ वाजता पारा ३४ वर आलेला असला, तरी कॉर्निशवर पळवलेला कुत्रा कोसळू शकतो. ‘ऊन उतरलंय, आता काय होतंय!’ हे वाक्य या महिन्यांत चालत नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासात असं दिसलं, की उष्माघाताच्या बहुसंख्य घटना बंद गाडीतल्या नव्हत्या, पळण्या-खेळण्यातून झालेल्या होत्या. ब्रिटनसारख्या थंड देशात ही तऱ्हा, मग आपल्याकडे काय! चपट्या नाकाचे पग आणि फ्रेंच बुलडॉग, जाड केसांचे हस्की, लठ्ठ लॅब्रॅडोर आणि म्हातारी कुत्री यांना धोका सगळ्यात जास्त.

लक्षणं अशी: न थांबणाऱ्या मोठ्या धापा, चिकट घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी-जुलाब, मग कोसळणं किंवा आकडी.

अशा वेळी क्रम पाठ असू द्या: आधी थंड करा, मग न्या. लगेच सावलीत किंवा एसीत आणा, अंगभर गार पाणी ओता, पंखा लावा. कुत्रा तरुण आणि धडधाकट असेल तर गार पाण्याच्या टबात बसवलं तरी चालतं, फक्त डोकं पाण्याबाहेर हवं. वयस्कर किंवा आधीच आजारी असेल तर पाणी ओतणं आणि वारा देणं चांगलं. ‘गार पाणी घालू नका, धक्का बसेल’ हा सल्ला आता मागे पडला आहे. ओला टॉवेल अंगावर पांघरून मात्र ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. तापमान ३९.५ च्या आसपास आलं की थांबा, नाहीतर अंग फार गार पडतं.

इथे कतारमधली एक खास अडचण. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि आपल्या ‘थंड’ नळाला चहाचं पाणी येतं! तेव्हा नळाखाली धरण्याआधी हात लावून बघा. उन्हाळाभर फ्रिजमध्ये पाण्याच्या चार-सहा मोठ्या बाटल्या कायम भरलेल्या असू द्या. फिरायला जाताना गाडीतही एक गार बाटली हवी. आणि बाहेर पडण्याआधी हाताची मागची बाजू फरशीवर किंवा डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

कुत्रा तरतरीत झाला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. उष्माघाताने मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि ते कधी कधी एक-दोन दिवसांनी उघड होतं.

समुद्राबद्दलही एक सूचना. सीलाइनला किंवा झिक्रीतला गेल्यावर तहानेने किंवा चेंडू आणता आणता कुत्रा खारं पाणी पितो. थोडं पोटात गेलं तर जुलाबावर निभावतं. जास्त गेलं तर रक्तातलं मीठ वाढून झोकांड्या, थरथर, आकडी असा प्रकार होतो. दर १५-२० मिनिटांनी पाण्याबाहेर बोलवा आणि गोडं पाणी द्या.

पोटफुगी: ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडून देऊ नका

कतारी लोकांचा मानाचा कुत्रा म्हणजे सलुकी. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा. मरमी महोत्सवात ससाण्यांच्या स्पर्धांबरोबर सलुकींच्याही शर्यती होतात. आपल्या लातूर-सोलापूरकडचा पश्मी किंवा कारवान आणि कर्नाटकातला मुधोळ हे साधारण त्याच बांध्याचे. आपल्यापैकी काहींच्या घरी सलुकीच्या रक्ताची दत्तक घेतलेली कुत्री आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सलुकी वगैरेंमध्ये, जठर हवेने फुगतं आणि कधी कधी स्वतःभोवती पीळ घेतं. दोन्ही तोंडं बंद! हवा बाहेर जात नाही, रक्तपुरवठा तुटतो. कुत्रा अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतो, उलटीचा जोर करतो पण फेसाखेरीज काही येत नाही, लाळ गळते, पोट टणक होतं. यावर घरगुती इलाज नाही. इनो, ओवा, हिंग काही उपयोगाचं नाही. उपाय म्हणजे शस्त्रक्रिया, आणि ती काही तासांच्या आत. लवकर पोहोचलेली पुष्कळ कुत्री वाचतात. सकाळपर्यंत थांबलेली बहुधा वाचत नाहीत.

सलुकीसारख्या शिकारी जातींच्या अंगात चरबी अगदी कमी असते आणि भुलीची काही औषधं त्यांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतात. म्हणून डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. मिश्र जातीचा असेल तरी ‘सलुकीसारखा दिसतो’ एवढं सांगा.

आपल्याच स्वयंपाकघरातली विषं

दिवाळीचा फराळ, गणपतीचा प्रसाद, रमजानमधला इफ्तार... घरात पाहुणे, टीपॉयवर ताटल्या आणि सगळ्यांचा लाडका कुत्रा टेबलाखाली. बेत छान, पण या गोष्टी त्याच्या पोटात जाता कामा नयेत:

द्राक्षं, बेदाणे, मनुका. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून ‘दोनच तर खाल्ले’ हा हिशोब नको. शिरा, लाडू, चिवडा, पुलाव सगळीकडे हे असतातच.

चॉकलेट. जितकं काळं आणि कडू, तितकं घातक.

शुगर-फ्री च्युइंगगम आणि गोळ्या. यात झायलिटॉल नावाचा गोडवा असू शकतो. माणसाला तो चालतो, कुत्र्याची रक्तातली साखर मात्र अर्ध्या-एक तासात धाडकन खाली येऊ शकते, पुढे यकृतावरही परिणाम होतो. हा पर्समधला शत्रू!

कांदा, लसूण. रक्तातल्या लाल पेशी फुटतात. परिणाम दिसायला काही दिवस लागतात.

खजुराच्या बिया. खजूर विषारी नाही, पण बिया गिळल्या तर लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकतात. सतत उलट्या, खाणं बंद आणि शी बंद झाली तर संशय घ्या. कणीस, हाडं, मोजे, खेळण्यांचे तुकडे यांचंही तेच.

माणसांची औषधं. आपल्याला अगदी साध्या वाटणाऱ्या पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनच्या गोळ्या कुत्र्याला विष ठरू शकतात. ‘अंग गरम लागतंय, अर्धी क्रोसिन देऊ’ हे अजिबात नको.

उंदराचं विष. यात फसगत होते, कारण बऱ्याच प्रकारांत पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. मग हिरड्यांतून, नाकातून किंवा शरीराच्या आत रक्तस्राव सुरू होतो. खाल्ल्याचं कळलं त्याच दिवशी नेलं तर उपचार सोपा असतो.

गाडीचं कूलंट. पार्किंगमध्ये सांडलेलं हे पाणी बऱ्याचदा गोड लागतं म्हणून कुत्रा चाटतो. त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं जातात.

विषाच्या बाबतीत लक्षणांची वाट बघायची नाही. वेष्टन किंवा त्याचा फोटो, किती खाल्लं आणि किती वाजता, हे घेऊन फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय करू नका, मिठानेच विषबाधा होते. उलटी करवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. काही पदार्थ परत वर येताना जास्त इजा करतात.

रात्र काढता येईल, पण ‘आजच्या आज’ दाखवा

काही दुखणी अशी, की मध्यरात्री पळायला नको, पण ‘वीकएंडला बघू’ म्हणूनही चालणार नाही.

गोचीडताप. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड भारतातही आहे आणि आखातातही, आणि ती घराच्या भिंतींच्या फटींतही राहते. तिच्यामुळे होणाऱ्या एर्लिकियाने ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या फिकट होतात, अंगावर लाल ठिपके येतात. बबेसियात लघवी कोकमाच्या सरबतासारखी होते. वेळेवर औषध मिळालं तर कुत्रा बरा होतो. नाकातून रक्त आलं किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर मात्र वरच्या यादीत उडी, म्हणजे लगेच निघा.

नसबंदी न झालेली मादी. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी ती खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खाईना, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. पू बाहेर येतोच असं नाही. न येणारा प्रकार जास्त धोक्याचा.

उलट्या-जुलाब. दिवसभरात तीन-चारपेक्षा जास्त वेळा होणं, पाणीही पोटात न ठरणं, किंवा २४ तास अन्नाला तोंड न लावणं.

पिल्लांना मात्र हे वेळापत्रक लागू नाही. चार-सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू उलट्या-जुलाबांनी काही तासांत सुकतं, साखर खाली जाते. लसी पूर्ण नसलेल्या पिल्लाला रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब लागले तर पार्व्हो समजूनच निघा. पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला, त्यावर उत्तम लस आहे, आणि तरी तो आजही पिल्लांना नेतो, कारण लसींचा क्रम अर्धवट राहतो. सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस हवेत. एक टोचून आलो की झालं, असं नाही. आणि निघताना क्लिनिकला ‘पार्व्होची शंका आहे’ असं आधी सांगा, म्हणजे ते पिल्लाला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवतील.

थांबून पाहायला हरकत नाही

एकदाच झालेली उलटी, एकदाच पातळ झालेली शी, किंचित लंगडणं, एखाद-दुसरी शिंक, थोडी खाज, एक वेळचं जेवण नाकारणं... आणि बाकी कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, हिरड्या गुलाबी आहेत. अशा वेळी २४ तास लक्ष ठेवा. दर तीन-चार तासांनी वरची चार कलमी तपासणी करा आणि कागदावर वेळ घालून लिहा. आकडे एकाच दिशेने बिघडत चालले असतील तर २४ तास पुरे व्हायची वाट बघू नका. पिल्लू, म्हातारा कुत्रा, मधुमेही किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर ‘थांबून पाहू’ची मुदत निम्म्याहून कमी धरा.

आणि द्विधा मनःस्थिती असेल तर? फोन करा! फोन करणं म्हणजे जाणं नव्हे. ‘आणायची गरज नाही’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की झोप चांगली लागते.

तयारी: आजच करायची

१. नंबर. नेहमीच्या क्लिनिकला विचारून ठेवा: रात्री डॉक्टर प्रत्यक्ष असतात, की फक्त फोनवर? शुक्रवारी किती वाजता उघडता? रमजानमध्ये वेळा काय? नसतील तर जवळचं दुसरं कोणतं? दोन नंबर आणि दोन्ही ठिकाणांचं लोकेशन घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवं. कतारमधला ९९९ हा नंबर माणसांच्या आणीबाणीसाठी आहे, कुत्र्यासाठी तो अडवू नका.

२. गाडी. रात्री कोण नेणार? सगळेच टॅक्सीवाले कुत्रा घेतील असं नाही, आणि कुत्र्याची लाळ अंगाला लागू न देणं हा अनेकांच्या धर्माचरणाचा भाग आहे, त्याचा मान ठेवावा. म्हणून गाडीवाल्या दोन शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. एक जुनी चादर डिकीत असू द्या. चालता न येणारा कुत्रा तिच्यावर झोळी करून उचलता येतो.

३. फोनवर काय सांगायचं. आमच्या धंद्यात चांगला बग रिपोर्ट मिळाला की निम्मं काम होतं. इथेही तसंच: जात, वय, वजन किलोत. काय होतंय, कधीपासून. श्वास आणि हिरड्या. काय खाल्लं, कोणती औषधं चालू आहेत. शक्य असल्यास अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आकडी आली तर हात तोंडात घालू नका, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, वेळ मोजा आणि व्हिडिओ काढा.

४. स्वतःला जपा. वेदनेत असलेला कुत्रा मालकालाही चावतो. कोणीही चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा. हे भारतात गेल्यावर तर विशेष लक्षात ठेवा. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं भारतातली असतात. लाळ गळणारा, खालचा जबडा लोंबणारा, वागणं अचानक बदललेला कुत्रा दिसला तर त्याच्या तोंडात काय अडकलंय ते बघायला जाऊ नका.

५. अधिकारपत्र. हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. समजा कुत्रा मित्राकडे ठेवून तुम्ही पुण्याला निघालात आणि विमान हवेत असताना त्याला पोटफुगी झाली. तुमचा फोन साडेतीन तास बंद. डॉक्टर विचारतात, ‘ऑपरेशन करू का? खर्च कोण देणार?’ मित्र बिचारा काय सांगणार? दोह्यात रात्रीचे अकरा म्हणजे पुण्यात पहाटेचा दीड, फोन उचलला जाईलच असंही नाही. म्हणून निघण्याआधी एका कागदावर लिहून, सही करून द्या: उपचाराचा निर्णय कोण घेईल, खर्चाची मर्यादा किती रियाल, पैसे कुठून द्यायचे. लसींचं पुस्तक आणि मायक्रोचिपचा नंबर सोबत. आणि एक कठीण ओळसुद्धा त्यात असावी: वाचण्याची आशा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा अधिकार मित्राला आहे की नाही. ही ओळ लिहिताना हात जड होतो. पण ती नसेल, तर तेच ओझं आपण मित्राच्या डोक्यावर ठेवून विमानात बसतो.

कुत्रा भारतात घरी आई-बाबांकडे असेल त्यांनीही हाच कागद तिथे करून ठेवावा. मुंबईकरांसाठी सोय चांगली आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांची सेवा करतंय, आणि जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. आई-बाबांच्या मोबाइलमध्ये तिथले नंबर आपणच घालून द्यावेत.

मंडळी, यादी लांबली खरी, पण सगळी पाठ करायची नाही. श्वास, हिरड्या, चाल, पोट एवढी चार नावं लक्षात राहिली तरी पुष्कळ. आज रात्री कुत्रा गाढ झोपला की घड्याळ लावून त्याचे श्वास मोजा आणि आकडा फ्रिजवरच्या यादीखाली लिहून ठेवा. ज्यांच्याकडे कुत्रा नाही, त्यांनी हे पान शेजारच्या कुत्रेवाल्यांना द्या. सुट्टीत तो कुत्रा बहुधा तुमच्याकडेच येणार आहे!